मगर कुणाची कोण?

परवा एका बारशाला गेले होते. पंगतीत शाळेच्या पुस्तकांचा विषय निघाला आणि एका काकांनी तो सनातन प्रश्न टाकलाच, "माकडापासून माणूस झाला, तर मग अजून माकडं कशी आहेत?" पंगत खो खो हसली. माझ्या तोंडात जिलबी होती, म्हणून गप्प बसले. आता इथे लिहून मोकळी होते. (काका, वाचत असाल तर राग मानू नका :))

अहो, तुम्ही जन्मलात म्हणून तुमचे चुलतभाऊ नाहीसे झाले का? चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलतभाऊ. दोघांचा सामाईक पूर्वज काही दशलक्ष वर्षांपूर्वीचा, आणि तो ना चिंपांझी होता, ना माणूस.

आता नातं ठरतं कसं? नुसत्या दिसण्यावरून नाही. मगर पालीसारखी दिसते, पण तिचं जवळचं नातं चिमणीशी आहे! खवले दोघींना आहेत, हे खरं. पण ती जुनी ठेव. आमच्या घरात सगळ्यांचं नाक पणजोबांचं. त्यावरून घराणं कळतं, सख्खं कोण आणि चुलत कोण ते कळत नाही. घारे डोळे मात्र फक्त धाकट्या काकांच्या मुलांचे, काकू आल्या तेव्हा आलेले. नंतर आलेली अशी खूणच कामाची, हे विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली पुस्तक लिहून मांडलं. तीही एकच खूण पुरत नाही. चार कप्प्यांचं हृदय मगरीला आहे, पक्ष्यांना आहे, आणि आपल्यालाही. पण आपलं वेगळ्या वाटेने आलेलं. म्हणून हाडं, जीवाश्म, डीएनए सगळं ताडून बघावं लागतं. मगर-पक्षी नातं त्या सगळ्यात टिकलं.

आणि हाच भाग २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून गेला. मुलांचं ओझं कमी करायला म्हणे! बारावीला आहे की, असंही सांगतात. बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण? बाकीची पोरं मोठी होऊन पंगतीत काय विचारणार, ते मी परवा ऐकून आले.

काकांचं म्हणणं, "पाठ करून तरी काय फरक पडतो?" पाठच करायचं असेल तर काहीच नाही, काका. तुमच्या पिढीने आणि माझ्याही, वर्ग-गण-कुळ घोकलं आणि परीक्षेनंतर विसरलो. नातं कसं शोधायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं.