देवळातील कासव आणि दर्यातील कासव

आज श्रावण शुद्ध पौर्णिमा. कोळीवाड्यांतून वाजतगाजत नारळ निघेल, सागराला अर्पण होईल आणि दर्याने आपल्या लेकरांस सुखरूप परत आणावे म्हणून हात जोडले जातील. या मंगल दिनी एका मूक जिवाचे स्मरण वाचकांस करून द्यावे, असे आम्हांस वाटते.

देवळात गाभाऱ्याकडे वळण्यापूर्वी आपण कासवाला वंदन करतो. समुद्रमंथनात मंदराचल पाठीवर तोलणाऱ्या कूर्मावताराचे ते स्मरण. पण त्याच सागरातील जिवंत कासवाची आज कोणती अवस्था आहे? कासव पाण्यात राहते, तरी श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. यांत्रिक नौकेमागे तासन्‌तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते सापडले की वरची वाट बंद होते आणि जलचर असूनही ते बुडून मरते. पूर्वीची सुताची, तागाची जाळी कालांतराने कुजत. आजचे नायलॉनचे जाळे तुटून वाहून गेले तरी वर्षानुवर्षे जीव अडकवीतच राहते.

वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने व ग्रामस्थांनी कासवांची अंडी डोळ्यांत तेल घालून राखली. तेथून दर्यात गेलेले पिल्लू पुढे जाळ्यात गुदमरणार असेल, तर त्या पुण्याईचे फळ काय?

दोष कोळी बांधवांच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. कासवाला देव मानून सोडून देणारे नाखवे आजही आहेत. परंतु त्यासाठी पुष्कळदा जाळे कापावे लागते, आणि जाळे हेच त्यांचे भांडवल. संरक्षित जलचर सोडविताना झालेल्या हानीसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आणली, ती स्तुत्यच होय. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने जाळ्यात बसविण्याची गजांची चौकटही सिद्ध केली आहे. कोळंबी गजांमधून आत जाते, कासव मात्र अडून बाहेरच्या वाटेने सुटते. थोडी मासळीही निसटेल, या धास्तीने ती बसविण्यास अनेकजण कचरतात.

येथेच भाविकांचे कर्तव्य सुरू होते. किनाऱ्यावरील देवस्थानांनी उत्सवनिधीतील काही भाग अशा चौकटींसाठी द्यावा. जाळे कापून कासव सोडणाऱ्या नाखव्याचा आजच्या दिवशी श्रीफळ देऊन सत्कार करावा. मासळी घेणाऱ्या घरांनीही, तिच्या दरात या जिवाच्या रक्षणासाठी चार पैसे अधिक पडले, तर कुरकुर करू नये.

असे घडेल, तेव्हाच देवळातील कासवाला केलेले वंदन दर्यातील कासवापर्यंत पोहोचेल.