आषाढातील वाट आणि पंचगंगेचे पाणी

पाऊस स्थिरावला की पन्हाळगडावरून मसाई पठारामार्गे पावनखिंडीकडे जाणारी वाट माणसांनी फुलून जाते. पुण्या-मुंबईपासून गोमंतकापर्यंतची तरुणाई तेथे येते, आणि त्यांत कबनूर-इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या परिसरातील मुलेही असतात. ज्यांच्या घरात दिवसरात्र मागांचा खडखडाट चालतो, अशी ही मुले दोन दिवस चिखल तुडवीत, धुक्यात वाट शोधीत सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर कापतात. चंगळवादाच्या नावाने सदैव बोटे मोडणाऱ्यांनी हे दृश्य एकदा अवश्य पाहावे.

ही वाट म्हणजे निव्वळ व्यायामाची जागा नव्हे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. शके 1582 च्या आषाढ पौर्णिमेस, म्हणजे 12 जुलै 1660 च्या रात्री, सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा भेदून शिवछत्रपती याच रानातून विशाळगडाकडे निघाले. महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेल्या शिवा काशिद यांनी मृत्यू पत्करला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी देहाची भिंत उभी केली. इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एक गोष्ट मात्र निसटते. त्या रात्री स्वराज्याच्या बाजूने कोसळता पाऊस लढला, तसेच ते अरण्यही लढले. डोंगर उघडा असता, झाडी नसती, तर पालखी किती कोस पुढे गेली असती? म्हणून ते रान हेसुद्धा स्मारकच आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत पन्हाळा आहे. तटबुरुजांचे कौतुक झाले ते योग्यच. वाटेवरच्या झाडीची आठवण मात्र फार थोड्यांनी काढली.

आणि याच वाटेवर अलीकडे काय दिसते? ध्वनिक्षेपकावर कर्कश गाणी वाजवीत जाणारे जथे, ओढ्यात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, भाड्याच्या तंबूंपुढे मद्याची मैफल. बाजीप्रभूंच्या नावाचा सदरा अंगात आणि हातात बाटली, हा विरोधाभास त्या तरुणांना टोचत नाही, याचे दुःख अधिक. पण येथे केवळ पावित्र्याचा प्रश्न नाही. मसाई हे जांभ्या खडकाचे सडे आहे. त्यावर मातीचा थर बोटभर, काही ठिकाणी तेवढाही नाही. त्या थरात पावसाळ्यानंतर इवलीशी फुले उमलतात, कीटक खाऊन जगणारी दवबिंदू वनस्पती वाढते, आणि सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी पिऊन ते पुढे महिनोन्‌महिने झऱ्यांना पुरवतो. त्यावर चारचाकी गाड्या फिरल्या, तंबूंचे खुंटे ठोकले, शेकोट्या पेटल्या, की शतकांनी साठलेली माती एका हंगामात वाहून जाते. शासनाने पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आहे. तो कागदावरून सड्यावर उतरायला हवा.

यावर शासनाचा आवडता उपाय म्हणजे बंदी. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि प्रतिबंधात्मक आदेशांची रीघ लागली. धोक्याच्या ठिकाणी मज्जाव हवाच. परंतु डोंगरच बंद करून मुले सुरक्षित होतात, हा भ्रम आहे. ती दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे जाऊन बसतात, एवढेच. 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम घालून दिले. त्या नियमांची अंमलबजावणी करणे कष्टाचे. आदेशाचा कागद चिकटवणे सोपे.

कबनूरच्या माणसाने या वाटेकडे आणखी एका कारणाने पाहिले पाहिजे. पावनखिंड आणि गजापूरच्या परिसरात कासारी नदी उगम पावते. पुढे कुंभी, तुळशी, भोगावती यांच्यासह तिची पंचगंगा होते आणि प्रयाग चिखलीवरून, कोल्हापूरवरून, इचलकरंजीच्या वेशीवरून ती नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. खिंडीत ओंजळीने पिता येईल असे ते पाणी वस्त्रनगरीपर्यंत येते तेव्हा त्यात शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी मिसळलेले असते. 2012 साली इचलकरंजीत काविळीच्या साथीने माणसे दगावली. आपल्या दारची नदी सोडून वारणेचे, मग दूधगंगेचे पाणी मागण्याची पाळी शहरावर आली, तेव्हा त्या काठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांचे तरी काय चुकले? नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिची ही अवस्था होऊ दिली. ज्या मुलाने उगम पाहिला आहे, तो मोठेपणी रंगप्रक्रियेचा कारखाना चालवील तेव्हा नाल्याकडे निदान डोळेझाक करणार नाही, अशी आशा बाळगायला जागा आहे.

तेव्हा शाखांनी, शाळांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी हे काम हाती घ्यावे. पन्नासांहून अधिक जणांचा जथा नको. वनखात्याची रीतसर अनुमती, सोबत प्रथमोपचार जाणणारा एक जण, मुक्काम सड्यावर नव्हे तर वाटेवरच्या वाड्यांत. तेथील माउलींच्या हातची भाकरी-आमटी खावी, तिचे योग्य मोल द्यावे, आणि आणलेला कचरा आपल्याच पाठपिशवीतून परत न्यावा. मुलींची वेगळी तुकडी अवश्य असावी. शिकवणी वर्ग बुडतो म्हणून मुलाला अडवणारे पालक मुलीच्या बाबतीत पाऊस, चिखल, जळवा अशी सारीच कारणे पुढे करतात. स्वतः आईवडीलच सोबत गेले तर कारणेही उरणार नाहीत.

आणि लहान मुलांना एकदम पन्हाळा-पावनखिंड कशाला? कबनूरहून हाकेच्या अंतरावर, आळत्याजवळ रामलिंगाचा डोंगर आहे. झाडी आहे, महादेवाचे प्राचीन गुहामंदिर आहे, एका सकाळी चढून उतरता येते. श्रावणातील एखाद्या रविवारी माग बंद असताना घराघरांतून शिदोरी गोळा करून निघायला फार मोठ्या नियोजनाची आवश्यकता नाही. आषाढातील लांबच्या वाटेची तयारी पुढच्या वर्षी करता येईल.