हिरव्या ठिपक्यापलीकडे

दीपावली हा भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. कुहीसारख्या गावातील श्रावकांच्या फराळातही आता नानखटाईशेजारी चॉकलेट कुकीज दिसतात. एक वाटी मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तूप व दोन मोठे चमचे कोको एवढ्यात त्या अंड्याविना खुसखुशीत होतात. ओव्हनमध्ये १७० अंशांवर सुमारे १५ मिनिटे पुरतात.

दक्षता हवी ती सजावटीच्या चकचकीत चॉकलेट-गोळ्यांविषयी. अन्नसुरक्षा नियमांनुसार मध, मधमाश्यांचे मेण आणि कीटकजन्य लाख मांसाहारात मोडत नाहीत. त्यामुळे पाकिटावर हिरवे चिन्ह असूनही ते आत असू शकतात. घटकांच्या यादीत ९०१ म्हणजे मेण, ९०४ म्हणजे लाख.

घरी वाढण्याआधी आणि दुकानात मांडण्याआधी ही यादी वाचणे, हाही अहिंसेचाच आचार होय.