गुंजेच्या तिसऱ्या हिश्श्याचे सोने



माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की पुष्कळ जण नत्र, स्फुरद, पालाश एवढेच पाहतात. खाली ‘जस्त ०.४ पीपीएम’ असे लिहिलेले असते, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. दहा लाख भागांत अर्धा भागही नाही, त्याने काय बिघडते साहेब, असे मला तोंडावर विचारतात. म्हणून आज एका पेल्याची हकिकत सांगतो.

पेला काचेचा. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या चौथ्या शतकात घडवलेला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने तो १९५८ साली विकत घेतला. उंची वीतभरही नाही. समोरून उजेड पडला तर गढूळ हिरवा दिसतो, आणि आत दिवा धरला की तोच लालभडक, माणकासारखा! ही काच की रत्न, अशीच शंका होती. १९५९ साली क्ष-किरणांनी तपासले तेव्हा काच ठरली.

पेल्यावर एक राजा कोरला आहे, लायकर्गस नावाचा. द्राक्षमद्याचा देव डायोनिसस याच्या परिवारातल्या एका स्त्रीच्या अंगावर तो धावून गेला. तिने भूमातेला हाक मारली. भूमातेने तिची द्राक्षवेल केली आणि त्या वेलीने राजाला जखडून टाकले. ही सारी चित्रे जाड काच बाहेरून कोरून, घासून काढलेली आहेत. माणसांच्या मागची काचसुद्धा पोखरली आहे. किती दिवस बसला असेल तो कारागीर!

आता रंगाचे. काचेत सोने निघाले ते सुमारे ४० पीपीएम, चांदी ३०० पीपीएमच्या आसपास. हिशेब करा. किलोभर काचेत सोने ४० मिलिग्रॅम, म्हणजे सोनाराच्या गुंजेचा तिसरा हिस्सा. चांदी अडीच गुंजा. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या धातूंचे कण दिसले, मिठाच्या कणाच्या हजाराव्या भागाहून लहान. चांदीमुळे परतणारा उजेड हिरवट होतो, सोन्यामुळे आरपार जाणारा लाल. एवढ्याशा धातूने सगळा पेला रंगला.

जस्ताचेही तसेच आहे. जमिनीत उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमच्या खाली गेले की भाताच्या पानांवर तांबूस ठिपके येतात, रोप खुजे राहते. मग युरिया कितीही टाका, हाती लागत नाही.

अशा रंग बदलणाऱ्या रोमन काचेचे नमुने बोटांवर मोजण्याइतकेच सापडले आहेत. त्यावरून जाणकार म्हणतात की ही करामत त्या कारागिरांच्याही पक्की हाती नव्हती. सोने-चांदी घातली की झाले, असे नसते. भट्टीची धग, आतली हवा, तापवण्याचा वेळ, यातले एक चुकले तरी कण नीट धरत नाहीत.