न निघणारें बुश

जुन्या यंत्राच्या दुरुस्तींत नवा भाग बसविणें हें अर्धें काम. जुना भाग धडपणें बाहेर काढणें हें दुसरें अर्धें, व बहुधा अधिक अवघड. आमच्या घरीं तीर्थरूपांनीं घेतलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी अद्यापि आहे. फियाटची १९५३ सालची इटालियन ‘११००’ हें तिचें मूळ. १९६४ पासून ती ‘डिलाइट’ या रूपानें मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत होऊं लागली व पुढें पद्मिनी झाली. तिच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. घरगुती गाड्या मात्र जागोजाग शिल्लक आहेत.

पंधरा वर्षांवरील खासगी गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. तपासणीपूर्वीं आम्हीं पुढचें डावें चाक जॅकवर उचलून हलविलें, तों तें खुळखुळलें. किंगपिनचीं बुशें झिजलीं होतीं. वळतांना पुढचें चाक ज्या उभ्या खिळीभोंवतीं फिरतें ती किंगपिन. तिच्या वरच्या व खालच्या टोंकास कांशाचीं बुशें घट्ट दाबून बसविलेलीं असतात, आणि निपलांतून दिलेलें ग्रीस बुशाच्या भोंकांतून पिनेपर्यंत जातें.

घरांत तत्काळ दोन पक्ष झाले. वडीलबंधूंच्या मतें गाडी भंगारांत द्यावी. आम्हांस तें मान्य नव्हतें. परंतु दोष मात्र आम्हीं पुतण्याच्या माथीं मारला, कारण तीन वर्षें वंगणाचें काम त्याच्याकडे होतें. “काका, ग्रीस आंत जात नाहीं, निपलापाशींच बाहेर येतें,” असें तो अनेकदां म्हणाला होता. तें आम्हीं आळसाचें निमित्त मानलें होतें.

काम घरींच करण्याचें ठरलें. येथें एक सूचना अवश्य ध्यानांत ठेवावी : नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीं कोणीहि जाऊं नये. गाडी भक्कम टेकूंवर ठेवावी, मागच्या चाकांस ओंडके लावावे, आणि स्प्रिंगेचा ताण सोसणारा बाहू आधाराविना सोडूं नये.

दोन दिवस गंज सोडविणारें तेल पाजल्यावर पिन निघाली, बुशें हालेनात. आम्हीं हातोडा उचलला. प्रत्येक घावासरशी कांशाची कड पसरे व बुश अधिकच घट्ट बसे. अखेर पुतण्यानें आमचा हात धरला व अडगळींतून एक लांब बोल्ट, दोन नट, जाड वायसर आणि नळाचा एक तुकडा आणला. नळाचें तोंड बुशाच्या बाहेरील व्यासाहून थोडें मोठें, तो एका बाजूस. दुसऱ्या बाजूस कानशीनें घासून बुशाहून किंचित् लहान केलेला वायसर. आणि साऱ्यांमधून बोल्ट. पान्यानें नट आवळूं लागतांच वरचें बुश नळांत सरकत आलें. हातोड्याचें बळ क्षणाचें व वांकडें. आट्यांचें बळ संथ, सलग व सरळ.

खालचें बुश त्यालाहि बधलें नाहीं. लाल होईतों तापवावें, असा सल्ला एका स्नेह्यानें दिला. पण तशानें पोलादाचा कस बिघडतो, आणि हा तर चाक धरून ठेवणारा भाग. म्हणून करवतीचें पातें भोंकांतून ओवून बुशाची भिंत आंतून जवळजवळ आरपार कापली. बाहेरच्या पोलादास दांत लागूं दिला नाहीं. चिरेंत बारीक छिन्नी ठोकतांच बुश आक्रसलें व सुटलें.

दोन्ही बुशें वर्तमानपत्रावर शेजारीं ठेवलीं. वरचें काळ्या ग्रीसनें माखलेलें. खालचें आंतून कोरडें ठणठणीत. त्याच्या पाठीवर, जेथें भोंक नव्हतें तेथें, वाळलेल्या ग्रीसची एक वाटोळी टिकली होती. निपल तिच्यासमोर होतें; बुशाचें भोंक पाव फेरा दूर. ग्रीस इतकीं वर्षें भिंतीवर जाऊन थबकत होतें. पोर खरें बोलत होतें.

तें बुश २०१२ सालीं आम्हींच बसविलें होतें. पुतण्याच्या आधीं ग्रीसहि आम्हीच देत होतों, व बाहेर आलेलें पुसून समाधान मानीत होतों.

नवें बुश बसवितांना भोंकासमोर खूण केली, तोच बोल्ट उलट योजून तें आंत ओढलें, आणि निपलाच्या छिद्रांतून तार पार जाते हें पाहूनच पुढें गेलों. दाबल्यानें बुशाचा आंतला व्यास आवळतो. म्हणून दोन्ही बुशें एका रेषेंत लांब रीमरनें पिनेच्या मापाचीं करून घेतलीं. नंतर पुतण्यानें ग्रीस दिलें, तें पिनेच्या कडेनें बाहेर आलें. त्या वेळीं आम्हीं घरच्या सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागितली.

गाडी तपासणींत उतरली. वडीलबंधूंनीं भंगाराचा विषय पुन्हां काढला नाहीं. वंगणाची वही आतां खुंटीस टांगली आहे, आणि तारीख व मैल यांच्यापुढें ‘ग्रीस आंत गेलें काय?’ असा एक नवा रकाना आम्हीं स्वहस्तें आंखला आहे.