इंग्रजी ‘फ्रेज’ आणि घरची मराठी

‘फ्रेज म्हणजे काय?’ असें वर्गांत विचारलें कीं उत्तर चटकन् ऐकूं येतें: अर्थ आहे, पण पूर्ण अर्थ नाहीं, असा शब्दांचा समूह. व्याख्या चुकीची नाहीं, आणि परीक्षेंत तिला गुणहि मिळतात. परंतु ती धडाधड म्हणणाऱ्या विद्यार्थ्यापुढें चार ओळींचें इंग्रजी वाक्य ठेवावें, म्हणजे तो गोंधळतो. कोणता पदसमूह कोणत्या शब्दास चिकटला आहे हें त्यास दिसत नाहीं. आणि तें दिसल्यावांचून अर्थ लागत नाहीं. आमच्या मतें याचें एक मोठें कारण असें कीं, इंग्रजीच्या तासास आपण मराठीस दाराबाहेर उभें करितों.

दोन वाक्यें घ्या. ‘द बॉय इन द गार्डन इज माय ब्रदर’ आणि ‘द बॉय इज प्लेइंग इन द गार्डन’. ‘इन द गार्डन’ हीं पदें दोन्ही ठिकाणीं अक्षरशः तींच आहेत. तरी पहिल्या वाक्यांत तीं विशेषणाचें काम करितात, दुसऱ्यांत क्रियाविशेषणाचें. त्या तीन शब्दांकडे कितीहि टक लावून पाहिलें तरी हा भेद दिसावयाचा नाहीं. आतां मराठी करून पाहा: ‘बागेंतला मुलगा माझा भाऊ आहे’, ‘मुलगा बागेंत खेळत आहे’. इंग्रजी जो भेद झांकून ठेविते, तो आपली भाषा एका ‘ला’नें उघड करिते. मुलगी असेल तर ‘बागेंतली’ होईल. म्हणजे शब्द विशेषणासारखा लिंगाप्रमाणें बदलतोहि.

‘शी रेड द लेटर ऑन द टेबल’ हें वाक्य तर दुहेरी अर्थाचें आहे. टेबलावरचें पत्र वाचलें, कीं पत्र टेबलावर ठेवून वाचलें? मराठींत सांगणाऱ्यास दोहोंपैकीं एक निवडावेंच लागतें, आणि निवडतां निवडतां व्याकरण होऊन जातें.

ही कसोटी सर्वत्र लागू पडते असें मात्र नव्हे. ‘ही इज फॉन्ड ऑफ म्यूझिक’ म्हणजे ‘त्याला संगीताची आवड आहे’. येथें ‘संगीताची’ पाहून मुलगा ‘ऑफ म्यूझिक’ हा समूह नामाचें विशेषण ठरवील. पण ‘आवड’ हें नाम इंग्रजी वाक्यांत नाहींच. तेथें ‘फॉन्ड’ हें विशेषण आहे, व त्याचा अर्थ तो समूह पुरा करितो. तसेंच सकाळीं, रविवारीं, रात्रीं यांस आपला एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजींत ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन संडे’, ‘ॲट नाइट’ अशीं तीन निराळीं अव्ययें लागतात. समूहाचें काम मराठी बहुधा सांगेल. अव्यय कोणतें, तें वाचून-ऐकूनच अंगवळणीं पडावयाचें.

इ. स. १८३६ मध्यें दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें. मराठीचे नियम लावितांना इंग्रजी व्याकरणाच्या पद्धतीचा आधार घेण्यांत त्यांनीं कमीपणा मानिला नाहीं. मग इंग्रजी उलगडतांना मराठीचा आधार घेण्यांत आपणांस तो कां वाटावा?

ज्या आईबापांस इंग्रजी येत नाहीं ते मुलाच्या अभ्यासापासून संकोचानें दूर बसतात, किंवा ऐपत नसतां शिकवणी लावितात. त्यांस आमची विनंती आहे कीं, वाचलेल्या वाक्याचें मराठी मुलाकडून म्हणवून घ्यावें आणि विचारावें, ‘कोठला मुलगा?’ ‘कोठें खेळतो?’ त्यास इंग्रजीचें एक अक्षरहि लागत नाहीं. उत्तर अडखळलें, कीं फ्रेज समजलेली नाहीं हें आईला भाकऱ्या थापतांनाहि कळेल.