पपईच्या पानांची कसोटी

पावसाळा सरता सरता सुरतेत डेंग्यू डोके वर काढतो आणि लिंबायत, उधना येथील खानदेशी कामगारांच्या घरांत पपईची पाने वाटली जातात. गोव्यालाही हे नवे नाही. (‘पारंपरिक’ म्हणवणारे हे झाड मुळात अमेरिकेतले!) या अर्काच्या गोळ्याही आता दुकानांत मिळतात.

रस घेतल्यावर प्लेटलेट वाढतात, हे खरे. परंतु ताप उतरण्याच्या सुमारास तळ गाठलेल्या प्लेटलेट बहुतेक रुग्णांत काहीही न घेता काही दिवसांत सावरतात. म्हणूनच रस घेणारे आणि न घेणारे असे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात. मलेशियात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा चाचणीत २२८ रुग्ण होते. रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट लवकर वाढल्या. मात्र आपल्याला रस मिळतो आहे, हे रुग्णांना ठाऊक होते.

शिवाय डेंग्यूचा मोठा घात होतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब कोसळल्याने. रसामुळे हा धोका टळतो, हे केवळ प्लेटलेटच्या आकड्यावरून सिद्ध होत नाही. हा धोका सर्वाधिक असतो ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत. नेमक्या त्याच वेळी, ‘रसाने गुण आला’ म्हणून इस्पितळाची वाट टाळली जाते.